मागच्या कोपऱ्यातले सहा सायप्रस

मेश्राम, गेल्या आठवड्यात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या लेकीनं, प्रज्ञानं, माईक माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मावशी, बाबांबद्दल दोन शब्द बोला ना." मी शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. समोर चार माणसं बसलेली दिसली की माझं तोंड आपोआप उघडतं. पण मी हातानंच नको म्हटलं. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. कसलं गहिवरून? मला तुमचा राग आला होता. अहो, ही काय जायची वेळ झाली? झाडं बोडकी उभी, ती पाडायचा ठराव रविवारच्या सभेत येणार होता, आणि तुम्ही खुशाल सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळे!

तर ते दोन शब्द आता लिहिते. दोनाचे बरेच जास्त होतील. तुम्ही मध्येच "नाही ना जी" म्हणून अडवणार नाही, याची सवय अजून व्हायची आहे.

तुम्ही पाटबंधारे खात्यातून बदली होऊन भंडाऱ्याहून पुण्यात आलात आणि कोथरूडला आमच्या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट घेतलात, तेव्हा मी सेक्रेटरी होते. चौकात कॉम्प्युटर क्लासचे पहिले बोर्ड लागत होते. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस संपत आले होते. मी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "पूर्ण नाव?"

"मेश्राम."

"पूर्ण म्हणतेय मी."

"सांगतो ना जी. पण तुम्हाला जे पाहिजे, ते तर आडनावातच कळलं असेल."

मी मान खाली घालून लिहीत राहिले. कान मात्र तापले होते. पुढची तीन वर्षं मी तुमच्या दारात मेंटेनन्सच्या पावत्या घेऊन येत असे आणि तुमच्या मिसेस चहा घ्या म्हणाल्या की सांगत असे, "नको हो, ॲसिडिटी आहे." सोसायटीत बऱ्याच जणांना तुमच्या दारातच ॲसिडिटी व्हायची. एकदा जिन्यात गाठून तुम्ही विचारलंत, "मॅडम, ते ॲसिडिटीचं काय झालं जी? बरी नाही होऊन राहिली का?" चेहऱ्यावर इतकी काळजी, की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी सरळ तुमच्या घरात शिरले आणि दोन कप चहा प्यायले. घरी येऊन रडले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. लाज वाटली होती, मेश्राम. आजही वाटते.

आपली खरी भांडणं सुरू झाली ती त्या मागच्या कोपऱ्यावरून. नाल्याच्या कडेची ती खोलगट जागा. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचायचं आणि दिवाळीपर्यंत हटायचं नाही. बिल्डरनं लावलेला गुलमोहर कुजला, आम्ही लावलेले दोन आंबे कुजले, अशोकाची रांग तर एका पावसात गेली. समितीनं ठरवलं, भर घालून सिमेंट ओतायचं. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "पाणी हटत नसेल, तर पाण्यात राहणारं झाड लावा ना. पाण्याशी काहून भांडता?"

तुमच्या धरणावरच्या जुन्या वसाहतीत तळ्याच्या काठी असली झाडं होती म्हणे. तिथून तुम्ही गोल गोल, चिकट डिंकाची फळं रुमालात बांधून आणलीत, फोडून बिया भिजत घातल्यात आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्यात. तुमची गॅलरी दोन वर्षं त्या पिशव्यांनी भरलेली होती. ढीगभर बियांतून सात रोपं हाताशी लागली. नाव विचारलं तर म्हणालात, "बाल्ड सायप्रस."

"बाल्ड म्हणजे टकला ना?"

"होय. सुरूच्या जातीतलं आहे, पण हिवाळ्यात पानं टाकून देते."

"मग बरोबर. दोघं एकमेकांना शोभता."

तुम्ही स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून इतके मोठ्यानं हसलात की वॉचमन धावत आला.

सात खड्डे तुम्ही स्वतः आखलेत. भिंतीपासून लांब, एकमेकांपासून पंधरा-पंधरा फुटांवर. मी म्हटलं, एवढीशी रोपं आणि एवढी जागा? तुम्ही म्हणालात, "आज एवढीशी आहे जी." बिल्डरनं पुरलेला विटांचा आणि चुन्याचा राडारोडा उकरून काढलात, कारण चुन्याच्या मातीत पानं पिवळी पडतात. पहिले दोन उन्हाळे पाण्याची बोंब होती, टँकर यायचा, आणि तुम्ही घरातलं धुण्याभांड्यांचं पाणी बादल्यांनी वाहून त्या सात जणांना घालत होतात. मी नोटीस लावली होती, "पाणी माणसांसाठी आहे." तुम्ही तिच्यासमोर उभे राहून सावकाश वाचलीत आणि बादली उचलून पुढे गेलात.

माझ्या नोटिसा! मी सेक्रेटरी असताना आमच्या सोसायटीत माणसांपेक्षा पाट्या जास्त होत्या, हे मान्य. "फुले झाडावर शोभतात. ज्यांच्या घरी शोभा नाही त्यांनी मंडईतून आणावीत." "येथे स्कूटर लावल्यास हवा राहील याची खात्री नाही." प्रत्येक पाटीखाली "हुकमावरून" लिहिलेलं. तुम्हाला त्या फार आवडायच्या. पण दर वेळी एकच प्रश्न विचारायचात, "पाटी मस्त आहे जी. खाली नाव काहून नाही लिहिलं?"

"समितीची पाटी आहे. माझं नाव कशाला?"

"भांडण तर तुमचं आहे ना."

मग पानांवरून भांडण. डिसेंबरात ती झाडं तांबूस व्हायची, विटकरी, आणि मग त्या पिसासारख्या बारीक पानांचा खाली खच पडायचा. मी झाडूवालीला सांगायचे, सगळं गोळा कर. तुम्ही तिच्या हातातला खराटा काढून घ्यायचात. त्याची पानं त्यालाच खाऊ द्या, ओलावा राहतो, माती सुधारते. मी म्हणायचे, सोसायटी आहे ही, जंगल नाही. तेवीस वर्षं आपण हे एकच भांडण भांडलो आणि त्याचा निकाल लागला नाही. मी अजूनही म्हणते की निदान वाटेवरची तरी झाडायला हवीत.

आणि ते गुडघे! नाल्याच्या बाजूच्या तीन झाडांची मुळं जमिनीतून वर आली, वीतभर उंच, वर गोल, अगदी दुमडलेल्या गुडघ्यांसारखी. कोणीतरी ठेचकाळलं. मी म्हटलं, करवतीनं कापू. तुम्ही तिथे लाल फडकी बांधून ठेवलीत आणि वर मला सुनावलंत की या झाडाला असेच गुडघे येतात. पुढे माझे गुडघे गेले, ऑपरेशन झालं, तर तुम्हीच त्या झाडांखाली प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवलीत आणि म्हणालात, "या, बसा. गुडघेवाल्यांचीच जागा आहे ही." तुमच्यावर चिडायची पण सोय नव्हती.

आता त्या सातव्याचं. टाळत होते, पण लिहिते.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. तुमची आई आजारी होती, तुम्ही दोन महिने भंडाऱ्याला. सातांपैकी मधलं झाड दिवाळीतच बोडकं झालं. बाकीची सहा हिरवी आणि हे एक नुसता खराटा. बी विंगमधले दोघं-तिघं माझ्यामागे लागले, बाई, मेलंय ते, कोणाच्या डोक्यात पडेल. मला तुम्हाला एक फोन करता आला असता. केला नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. मी पालिकेला अर्ज लिहिला. अजून पाठ आहे मला: "सदर झाड अवेळी निष्पर्ण झाले असून पूर्णपणे वाळले आहे." परवानगी आली, माणसं आली, अर्ध्या तासात झाड आडवं.

तुम्ही परत आलात ते खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन. दर वर्षी आणायचात तसं, माझ्यासाठी पाच किलो वेगळे काढून. बॅगा जिन्यातच टाकून तुम्ही मागे गेलात. मी गॅलरीतून बघत होते. तुम्ही आडव्या पडलेल्या फांद्यांपैकी एक उचललीत आणि नखानं साल खरवडलीत. मग दुसरी. मग तिसरी घेऊन माझ्या दारात आलात. सालीखाली हिरवंगार होतं, ओलं.

"मॅडम, एकदा नखानं खरवडून पाहायचं होतं."

एवढंच. ओरडला असतात तर मी पण ओरडले असते, ते मला छान जमतं. तुम्ही तांदळाची पिशवी दारात ठेवलीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावरची त्या अर्जाची प्रत वाचून एवढं मात्र म्हणालात, "इथेही नाव नाही जी. नुसता शिक्का आहे."

त्या जागी नवीन रोप लावू म्हटलं तर तुम्ही नको म्हणालात. रिकामं दिसू द्या, म्हणालात. मला तो टोमणा वाटला. मी आठ दिवस बोलले नाही. चूक माझी आणि अबोलाही माझाच! "चुकले" एवढा तीन अक्षरी शब्द होता, मेश्राम. तो मी त्या दिवशी म्हटला नाही, मग दुसऱ्या दिवशी अवघड झाला, आणि मग वर्षं गेली. तुम्ही पुन्हा कधी विषय काढला नाहीत. तांदूळ मात्र येत राहिले.

मधल्या काळात सगळं बदललं. आपल्या पिढीची मुलं हिंजवडीला लागली, काही हिंजवडीवरून पार अमेरिकेला गेली. जिथे आठ स्कूटर होत्या तिथे तीस गाड्या आल्या. अर्ध्या फ्लॅटमध्ये भाडेकरू, सगळे सकाळी सातला कंपनीच्या बसला पळणारे, त्यांनी ती झाडं कधी मान वर करून बघितलेली नाहीत. आणि माझा अमोल झाला सेक्रेटरी. तुम्ही म्हणालात, "गादी घरातच राहिली जी."

अमोल वाईट नाही. दीड तास हिंजवडीहून ट्रॅफिकमध्ये रखडत येतो आणि मग गाडी लावायला अर्धा तास गल्लीत फिरतो. दोनदा आरसा फुटला, एकदा कोणीतरी खिळ्यानं दार ओरबाडलं. मागच्या कोपऱ्यात सिमेंट केलं की बारा गाड्या बसतात. तरी झाडं हिरवी असेपर्यंत तो विषय काढत नव्हता, कारण तुमच्या अंगाखांद्यावर वाढलेला मुलगा तो. पण यंदा पाऊस असाच लवकर गेला, नाला वरच्या बाजूला पाइपात घातला, तुम्ही सप्टेंबरपासून दवाखान्यात. आणि दिवाळीत सहाच्या सहा झाडं बोडकी झाली.

मी घाबरले, मेश्राम. रोज खाली जाऊन खुर्चीत बसायचे आणि वर बघायचे. एकदाही नख लावलं नाही. आत तपकिरी निघालं असतं तर ते तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होते? शेवटच्या भेटीत तुम्ही नळ्यांमधून विचारलंत, "सायप्रस काय म्हणते?" मी म्हटलं, "मस्त तांबूस झालेत." तुम्ही डोळे मिटून हसलात. मला वाटतं, तुम्हाला थाप कळली होती. आणि तेव्हाही तो तीन अक्षरांचा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. नर्स आली, वेळ संपली म्हणाली, मी पिशवी उचलून निघाले.

तुम्ही गेलात. स्मशानात तुमच्या लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून उभी होते. पुढच्याच आठवड्यात अमोलनं सभेची नोटीस काढली. विषय क्रमांक तीन: मागील बाजूची वाळलेली झाडे काढणे.

रविवारी अकराला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा. अमोलनं फोटो दाखवले, अर्जाचा मसुदा वाचला. "सदर झाडे अवेळी निष्पर्ण झाली असून पूर्णपणे वाळली आहेत." मी म्हटलं, "हे वाक्य कुठून आणलंस?"

"तुझंच आहे, आई. जुन्या फाइलमध्ये सापडलं. तेव्हा एक गेलं, आता सगळी गेली. रोग असणार काहीतरी."

एक नवीन मुलगी म्हणाली, "आंटी, आय मीन, दे आर क्लिअरली डेड ना?" चेअरमन घड्याळ बघत म्हणाले, "बाई, तुमचंच पत्र आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. हात वर करा."

हात वर जायला लागले. मी उठले. गुडघा कटकन वाजला, सगळ्यांना ऐकू गेला. म्हटलं, "हात खाली. सगळ्यांनी मागे चला."

"आई, बस ना प्लीज."

"मी सेक्रेटरी असताना तू चड्डीत फिरत होतास. चल."

आले सगळे. तोंडं वाकडी करत, पण आले. त्या रिकाम्या जागेपाशी मी उभी राहिले. शेजारच्या झाडाची एक फांदी खाली झुकलेली आहे, माझा हात पुरेना. अमोलला म्हटलं, "गाडीची किल्ली काढ. साल खरवड."

"कशाला?"

"मी एकदा खरवडली नव्हती, म्हणून."

खरं सांगते, मला काहीच माहीत नव्हतं. अमोलनं फांदी ओढली आणि किल्ली फिरवली. एकदा. मग दुसऱ्या बाजूनं. मग पुढच्या झाडाकडे आपण होऊन गेला, मग त्याच्या पुढच्या. चपला पालापाचोळ्यात रुतत होत्या, तो सहाही झाडं खरवडून आला. किल्लीला हिरवं लागलं होतं. त्यानं ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "आई, काकांनी सांगितलं होतं ना असं तपासायचं?"

"मला सांगितलं होतं. झाड पाडून झाल्यावर."

आणि मग मी बोलले, मेश्राम. पन्नास माणसांसमोर. म्हटलं, ते पत्र मी लिहिलं होतं आणि ते चूक होतं. इथे सातवं झाड होतं, जिवंत होतं, ते मी मारलं. मेश्रामांना मी कधी चुकले म्हटलं नाही, म्हणून आता म्हणते. मी चुकले. शेवटपर्यंत बोलले.

चेअरमन म्हणाले, "ते ठीक आहे, बाई. पण जिवंत असली तरी पार्किंग लागतंच."

"लागतं ना! मग अर्जात तसं लिहा. गाड्या लावायला सहा जिवंत झाडं पाडायची आहेत. आणि खाली नुसता शिक्का नको, सगळ्यांनी पूर्ण नावं लिहून सह्या करा. अमोल, पेन दे त्यांना."

पेन अमोलच्या हातात तसंच राहिलं. ती नवीन मुलगी फांदीचं हिरवं बघत होती. चेअरमन म्हणाले, विषय तूर्त तहकूब, पाडव्यानंतर बघू. बघा म्हटलं. पाडव्यापर्यंत पालवी फुटते, आणि नाही फुटली तर मी परत खरवडेन. परत विषय आणलात तर परत उभी राहीन. माझे गुडघे स्टीलचे आहेत.

अमोलची गाडी अजून गल्लीतच आहे. माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाही. पण काल तो झाडूवालीला सांगत होता, मागचा पाला राहू दे, फक्त वाटेवरचा काढ. बघा, निकाल लागला एकदाचा, आणि थोडा माझ्या बाजूनं पण लागला.

आज सकाळी मी कित्येक वर्षांनी रंगाचा डबा उघडला. सातव्या झाडाच्या रिकाम्या जागी पाटी ठोकली आहे. ठोकायला प्रज्ञा आली होती. वाचून दाखवते, तुम्ही वाचायचात तशी सावकाश:

"ही सहा झाडे जिवंत आहेत. शंका आल्यास नखाने खरवडून पाहावे. येथे सातवे होते, ते न खरवडता पाडले गेले. लावणारा: यशवंत सीताराम मेश्राम. पाडणारी: नलिनी दत्तात्रय खांबेटे."

खाली "हुकमावरून" लिहिलेलं नाही.